पुण्यात मेट्रोजवळ खोली घेताना: इंदूरहून निघण्याआधीची तयारी

इंदूरच्या मराठी घरातून वर्षाला एक तरी पुण्याची फेरी होतेच. कधी लग्न, कधी मुंज, कधी डॉक्टर. पूर्वी आम्ही आत्याकडे उतरायचो. आता आत्याच मुलाकडे राहते, तिलाच जागा पुरत नाही, तिथे चार माणसांनी सामान घेऊन जाणं बरं दिसत नाही. म्हणून हॉटेल आलं. आणि मेट्रो झाल्यापासून घरातलं प्रत्येक जण एकच सांगतं, मेट्रोजवळचं बघ. ७६ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन मी हे चार-पाच वेळा केलं आहे. मेट्रोजवळचं म्हणजे नेमकं काय बघायचं, ते लिहून ठेवते.

खोली शोधायला बसण्याआधी एका कागदावर पुण्यात कुठे-कुठे जायचं आहे ते लिहा. कार्यालय, दवाखाना, नातेवाईक, खरेदी, सगळं. मग त्या प्रत्येकापुढे जवळचं मेट्रो स्टेशन लिहा. पुण्यात मुख्य मार्ग दोन. एक वनाज ते रामवाडी, म्हणजे कोथरूडकडून नळ स्टॉप, डेक्कन, पुणे स्टेशन, बंडगार्डन करत नगर रस्त्यापर्यंत. दुसरा पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, तो शिवाजीनगरपासून पुढे जमिनीखालून कसबा पेठ आणि मंडईवरून जातो. दोन्ही फक्त सिव्हिल कोर्टला भेटतात. हे लक्षात आलं की अर्धं काम झालं. कारण सिव्हिल कोर्टला एक गाडी वरून धावते आणि दुसरी जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, तरी गुडघेदुखीच्या माणसाला ती उतरचढ रोज दोनदा करायला लावू नये. ज्या मार्गावर तुमचं रोजचं जाणं-येणं आहे, हॉटेल त्याच मार्गावर घ्या. रुबी हॉल हे हॉस्पिटल वनाज-रामवाडी मार्गावर आहे; तिथे तपासण्या असतील तर दुसऱ्या मार्गावरच्या मंडईजवळची खोली दोनशे रुपयांनी स्वस्त मिळूनही महागच पडते. लक्ष्मी रोड, तुळशीबाग, दगडूशेठचं दर्शन एवढंच असेल तर मात्र मंडईसारखी जागा नाही. २९ सप्टेंबर २०२४ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट सुरू झाल्यापासून पेठांमधल्या जुन्या लॉजनाही मेट्रो मिळाली.

स्टेशन ठरलं की तिथे गाडी खरोखर थांबते का ते बघा. नकाशावर स्टेशनचं नाव दिसतं म्हणजे गाडी धावते असं नाही. आपल्याकडेच बघा ना. इंदूरची मेट्रो ३१ मे २०२५ला सुरू झाली ती गांधीनगरपासून सुपर कॉरिडॉरवरची पाच स्टेशनं, जेमतेम सहा किलोमीटर. राजवाड्याखालचं स्टेशन अजून व्हायचं आहे, पण बाहेरगावचा पाहुणा नकाशा बघून राजवाड्याजवळ मेट्रो आहे असं धरून चालेल. पुण्यातही स्वारगेटच्या पुढे कात्रजपर्यंतचा मार्ग अजून व्हायचा आहे. तिकडच्या बिबवेवाडीतलं हॉटेल मेट्रोजवळ म्हणून सांगत असेल तर कोणती मेट्रो, ते विचारा. हिंजवडीचा मार्गही वेगळा आहे. त्यावरचं स्टेशन सांगितलं तर तिथे रोज गाडी आहे का, ते निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा.

आता अंतर. इथे आम्ही एकदा चांगलेच फसलो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०२३च्या नोव्हेंबरात एरंडवण्यात लग्न होतं. नळ स्टॉपजवळच्या एका हॉटेलच्या जाहिरातीत ‘मेट्रोपासून दोन मिनिटे’ लिहिलेलं होतं. रेल्वेनं पुणे स्टेशनला उतरलो, समोरून मेट्रो घेतली, नळ स्टॉपला आलो, इथवर सगळं छान. पण ज्या जिन्याने खाली आलो तो कर्वे रोडच्या उलट्या बाजूचा निघाला. नळ स्टॉपला मेट्रोच्या खालून उड्डाणपूल आहे, त्याखाली वाहता रस्ता, आणि सकाळची शाळा-ऑफिसची वेळ. सासूबाईंच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात शेवेची आणि लाडवांच्या डब्याची पिशवी. त्या पिशवी सोडायला तयार नाहीत. फुटपाथवर दुचाकी लावलेल्या, म्हणून रस्त्याच्या कडेने चाललो. माझ्या बॅगेचं चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकलं आणि निखळून पडलं. मग ती बॅग उचलूनच न्यावी लागली. सासूबाई मधेच एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “अगं, तू हो पुढे, मी बसते इथे.” त्या बसल्या होत्या तिथून हॉटेलची पाटी दिसत होती, पण त्यांच्यात उठायचं त्राण नव्हतं. दोन मिनिटांच्या वाटेला आम्हाला वीस मिनिटं लागली. वर रिसेप्शन पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट दुसऱ्या दारातून, मागच्या बाजूने.

तेव्हापासून मी अंतर मीटरमध्ये बघतच नाही. नकाशात पायी जायचा रस्ता काढते, आणि तो स्टेशनच्या नावापासून नाही तर लिफ्टच्या दारापासून काढते. मग फोटोतून तो रस्ता नजरेखालून घालते. रस्ता ओलांडावा लागतो का, सिग्नल आहे का, फुटपाथ आहे की नुसता कागदावरचा. नकाशा जी वेळ सांगतो तिच्या अडीचपट धरते, कारण सासूबाईंची चाल तेवढी आहे. तुमच्याबरोबर लहान मूल असेल तर त्याची चाल धरा. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या माणसाला सामानासकट दहा मिनिटांत पोचता आलं तरच ते हॉटेल माझ्या यादीत राहतं.

डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्टेशनांचं एक वेगळं प्रकरण आहे. ती दोन्ही मुठेच्या काठाला आहेत. जंगली महाराज रोडच्या बाजूला हॉटेल असेल तर उत्तम. बालगंधर्व रंगमंदिर संभाजी उद्यान स्टेशनपासून पायी अंतरावर आहे, नाटक बघून चालत खोलीवर येता येतं. पण खोली नदीपलीकडे नारायण पेठेत असेल आणि हॉटेलवाला भिडे पुलावरून पाच मिनिटं म्हणत असेल, तर पावसाळ्यात त्या भरवशावर राहू नका. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि वाहतूक बंद होते. मग दुसऱ्या पुलावरून वळसा. ऑगस्टात जाणार असाल तर हे विचारूनच घ्या.

हॉटेलला फोन स्वतः करा. मोबाइलवर बुकिंग झालं तरी फोन करा, आणि दुपारी तीनच्या सुमाराला करा, तेव्हा काउंटरवरच्या माणसाला बोलायला सवड असते. मी सरळ विचारते, “दादा, स्टेशनच्या कोणत्या गेटने बाहेर यायचं? लिफ्ट त्याच गेटला आहे का?” ज्याला हे पटकन सांगता येतं, त्याच्याकडे मेट्रोने पाहुणे येतात हे नक्की. जो म्हणतो, “काकू, रिक्षा करा ना, लगेच याल,” त्याचं हॉटेल मेट्रोजवळ नाही. मग हॉटेलातल्या लिफ्टचं विचारा, ती तळमजल्यापासून आहे की चार पायऱ्या चढून. संडास कमोडचा आहे ना. गरम पाणी किती वाजेपर्यंत. खोलीची खिडकी कुठे उघडते, हेही विचारा. कर्वे रोडसारख्या ठिकाणी मेट्रो खांबांवरून जाते, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून गाडी थेट दिसते. मेट्रोचा आवाज तसा फार नाही, आणि रात्री अकराच्या सुमाराला ती बंदच होते. झोप खालच्या रस्त्याने उडते. मागच्या बाजूची खोली मागा. स्वारगेटला एसटी स्टँडच्या तोंडावरची खोली शक्यतो टाळा. पुढे साताऱ्याला किंवा कोल्हापूरला पहाटे निघायचं असेल तेवढ्यापुरती ती सोयीची आहे.

भाडं विचारताना कर धरून विचारा. २२ सप्टेंबर २०२५पासून रोज ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याआधी १२ टक्के होता. जुन्या दराने हिशेब सांगितला तर तिथल्या तिथे बोला.

आणि पोचायची वेळ. इंदूरहून संध्याकाळी निघालेली ट्रॅव्हल्सची बस सेंधवा, धुळे करत सकाळी पुण्यात शिरते, आणि बहुतेक हॉटेलांत खोली मिळते दुपारी बाराला. मधले चार-पाच तास कुठे काढायचे हे आधीच ठरवा. चोवीस तासांच्या हिशेबाने खोली देणारी हॉटेलं आहेत, ती आधी शोधा. नाहीतर निदान सामान ठेवून तोंड धुवायला जागा देतील का, ते विचारा. म्हाताऱ्या माणसाला रात्रभर बसमध्ये बसवून सकाळी रिसेप्शनच्या सोफ्यावर ताटकळत ठेवणं मला सहन होत नाही. त्यापेक्षा अर्ध्या दिवसाचं भाडं जास्त दिलेलं परवडलं.

बस कोणत्या रस्त्याने पुण्यात येते तेही ड्रायव्हरला चढतानाच विचारा. अहिल्यानगरकडून येत असेल तर ती नगर रस्त्याने येते, आणि रामवाडी स्टेशन त्याच रस्त्यावर आहे. तिथे उतरलात तर गाडी न बदलता थेट डेक्कन किंवा नळ स्टॉप. नाशिककडून येत असेल तर नाशिक फाट्याला मेट्रो आहे, ती शिवाजीनगर, मंडई, स्वारगेटला नेते. शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिलात तर तिथून पुन्हा रिक्षा. पहिली मेट्रो सकाळी सहाला. बस पहाटे चारला टाकणार असेल तर त्या दिवशी मेट्रोचा विचार सोडा. विमानाने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, लोहगाव विमानतळावर मेट्रो नाही, रामवाडीपर्यंत रिक्षाने किंवा बसने यावं लागतं.

तारखांचं थोडक्यात. गणेशोत्सवात मंडई आणि कसबा पेठ स्टेशनांवर गर्दी असते, विसर्जनाच्या दिवशी पेठांतले रस्ते वाहनांना बंद. त्या दिवसांत मिरवणूक बघायलाच जात असाल तर पेठेत राहा, दवाखान्यासाठी जात असाल तर मुळीच राहू नका. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, माऊलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, तेव्हाही तेच.

आता घरातली तयारी, आणि मला तरी हीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्या माणसासाठी आपण मेट्रोजवळची खोली शोधतो, ते माणूस मेट्रोत कधी बसलेलं नसतं. नळ स्टॉपच्या फेरीत सासूबाई सरकत्या जिन्यापाशी थबकल्या होत्या, मागे माणसं खोळंबली, आणि त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. म्हणून यंदा निघायच्या आधी मी त्यांना एका दुपारी गांधीनगरला घेऊन गेले. आपल्या त्या स्टेशनला देवी अहिल्याबाईंचं नाव आहे, त्याचंच त्यांना अप्रूप. गर्दी नव्हती. त्यांनी पदर खोचला, काठी माझ्याकडे दिली, एका हाताने कठडा धरला आणि पिवळ्या रेघेच्या आत पाऊल टाकलं. पहिल्यांदा माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. तिसऱ्या वेळी त्या एकट्या वर गेल्या आणि वरून मला हात केला. तिकिटावरचा कोड फाटकाच्या काचेवर कसा धरायचा, पिशवी तपासणीच्या पट्ट्यावर कशी ठेवायची, हेही तिथेच शिकल्या. पुण्यात मग काहीच अडलं नाही.

सामान चाकांच्या दोन बॅगांत बसवा, हातात पिशवी नको. लाडवांचा डबा बॅगेच्या आत. सगळ्यांची मूळ आधार कार्डं एका पाकिटात, कारण हॉटेलात प्रत्येकाचं मागतात आणि बॅगेच्या तळाशी असलेलं आधार काढताना काउंटरवर अर्धं सामान उपसावं लागतं. मोबाइलवर तिकीट काढता येतं, पण वयस्क माणसाला खिडकीवरचं कागदी तिकीट द्या, ते त्यांच्या स्वतःच्या हातात राहतं.

शेवटी एक चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरात हॉटेलचं नाव, स्टेशनचं नाव, गेटचा नंबर, माझा फोन नंबर. ती सासूबाईंच्या कमरेच्या बटव्यात. मंडईला एकदा दार बंद होताना त्या आत आणि मी बाहेर राहिले होते. पुढच्याच स्टेशनला उतरून त्यांनी तिथल्या मुलीला ती चिठ्ठी दाखवली, आणि मी पोचले तेव्हा त्या बाकावर बसून तिला इंदूरच्या सराफ्यातली जिलबी केवढी असते ते हातांनी दाखवत होत्या.