लाइपझिगमध्ये दीड दिवस: निघण्याआधीची तयारी

तिकीट काढण्याआधी वार ठरवा. पुढच्या प्रवासाच्या वाटेत जर्मनीतल्या लाइपझिगला ज्यासाठी थांबायचं, ते आठवड्यातून दोनदाच ऐकायला मिळतं. सेंट थॉमस चर्चमध्ये (पाट्यांवर थोमासकिर्शे) शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता आणि शनिवारी दुपारी 3 वाजता मोटेट (गायनातून होणारी प्रार्थनासभा) होतं. 1212 पासून चालत आलेला मुलांचा गायकवृंद इथे गातो. संगीतकार बाख 1723 पासून 1750 मध्ये मरेपर्यंत इथेच कांटोर होता, म्हणजे या गायकवृंदाचा आणि शहरातल्या चर्चसंगीताचा प्रमुख. म्हणून मुक्काम शुक्रवार दुपार ते शनिवार संध्याकाळ असाच बसवावा. सोमवारी पोचलात तर बाख संग्रहालयही बंद आणि कलासंग्रहालयही.

वार जुळला तरी तारीख तपासा. सॅक्सनी राज्यातल्या शाळांना सुट्टी असली की ही मुलं गात नाहीत, त्यांच्या जागी दुसरे गायकवृंद येतात. सुट्टीच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे चर्चचा महिन्याचा कार्यक्रम पाहिल्याशिवाय विमानाचं आरक्षण करू नका. मार्चमधला पुस्तकमेळा आणि जूनमधला बाख महोत्सव या दोन्ही वेळी हॉटेलं महागतात. महोत्सवासाठीच जायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी धरून ठेवा.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायचं तर शेंगेन व्हिसा हवाच. पुढच्या विमानाचं तिकीट हातात असलं तरी त्याने काम भागत नाही. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावा लागतो, पण एप्रिल-मेच्या गर्दीत अर्ज द्यायला अपॉइंटमेंटच मिळत नाही, तेव्हा दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. प्रौढांना शुल्क 90 युरो आणि प्रवासविम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं. जाताना लाइपझिग, मग शेंगेनबाहेरचा देश आणि परतताना पुन्हा जर्मनीत उतरणं असा बेत असेल तर अर्जात दोन प्रवेश मागा. एकच प्रवेश मिळाला तर परतीच्या वेळी विमानतळाबाहेर पडता येणार नाही.

मुंबईहून रात्री निघणारी विमानं फ्रँकफुर्टला सकाळी उतरतात. टर्मिनल 1 ला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून लाइपझिग साधारण साडेतीन तास. काही गाड्या थेट जातात, काहींना फ्रँकफुर्ट शहरात बदलावं लागतं. इथे हमखास फसायला होतं ते स्वस्त तिकिटामुळे. श्पारप्राइस तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा उतरलं आणि गाडी चुकली तर ते तिकीट वाया जातं, कारण विमानाचा उशीर रेल्वेच्या खात्यात जमा होत नाही. उशीर रेल्वेचाच असेल आणि मुक्कामी पोचायला 20 मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर मात्र हे बंधन सुटतं आणि पुढची गाडी पकडता येते. बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी सीमेवरची नवी नोंदणी ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली आहे, तिच्या रांगेचाही वेळ धरा. उतरल्यापासून गाडीपर्यंत 3 तास ठेवा, नाहीतर जास्त पैसे देऊन त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालणारं फ्लेक्सप्राइस घ्या. एका रात्रीच्या मुक्कामात एक गाडी हुकणं म्हणजे शुक्रवारचं मोटेट हुकणं, म्हणून फ्लेक्सप्राइसच बरं.

खिशात 1 आणि 2 युरोची नाणी ठेवा. संग्रहालयातले लॉकर, स्टेशनवरचं स्वच्छतागृह, सगळीकडे ती लागतात. मोठी बॅग हॉटेलात किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकूनच चर्चकडे निघा. चालत दहा-बारा मिनिटं.

मोटेटला जागा राखून ठेवता येत नाही. दारातच काही युरोंची कार्यक्रमपत्रिका विकत घ्यायची, तोच प्रवेश. दार सुमारे पाऊण तास आधी उघडतं, त्याआधीच रांगेत लागा. गायकवृंद पश्चिमेच्या सज्जात, मोठ्या ऑर्गनपाशी उभा राहतो. वेदीकडे तोंड करून बसलात तर सूर पाठीमागून येतात. मान वळवत बसू नका, ऐका. ही प्रार्थना आहे, मैफल नव्हे: फोन बंद, फोटो नाहीत आणि शेजारचे उभे राहिले की आपणही उभं राहायचं. वेदीसमोर जमिनीत कांस्याचा पत्रा आहे, त्यावर फक्त बाखचं नाव. हाडं 1950 मध्ये इथे आणली. बाहेरच्या 1908 च्या पुतळ्यात त्याच्या कोटाचा खिसा उलटा बाहेर काढलेला दिसतो, तोही नीट पाहा.

शुक्रवारी रात्री गेवांडहाउस या संगीतसभागृहातल्या मैफलीचाही मोह होईल. पण मोटेट 7 च्या सुमारास संपतं, तेव्हा शरीराच्या हिशेबाने रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. रात्रभर विमानात काढून वर दोन तासांची सिंफनी ऐकली तर झोपेत हरवते. त्या रात्री झोपा आणि शनिवारी दुपारी 3 च्या मोटेटला पुन्हा जा. त्यात सहसा बाखचा एखादा कँटाटाही (गायक आणि वाद्यवृंदासाठीची चर्चरचना) असतो.

शनिवारी सकाळी 10 ला चर्चसमोरचं बाख संग्रहालय गाठा आणि हाउसमानने 1748 मध्ये केलेलं त्याचं व्यक्तिचित्र आधी पाहा. दीड तास पुरतो. मग निकोलाई चर्च: आतले खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे उमलतात. 1724 मध्ये बाखचं सेंट जॉन पॅशन, म्हणजे येशूच्या अखेरच्या यातनांची संगीतकथा, पहिल्यांदा इथे झालं, आणि 9 ऑक्टोबर 1989 रोजी इथल्या प्रार्थनेनंतर सुमारे 70,000 लोक पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्ध शहरात चालले. शेजारच्या जुन्या निकोलाई शाळेत संस्कृतपंडित माक्स म्युलर शिकला. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांनी तिथे दोन मिनिटं थांबावंच. वेळ उरला तर संगीतकार मेंडेल्सझोनचं घर, तो तिथेच 1847 मध्ये वारला.

जेवणाचं एवढंच: लाइपझिगर आलरलाय ही भाज्यांची डिश वाटते, पण मूळ पाककृतीत नदीतले खेकड्यासारखे जीव असतात, शाकाहारी मंडळींनी विचारूनच मागवावी. लाइपझिगर लेर्शे या बदामाच्या पेस्ट्रीत पक्षी नाही, फक्त नाव चंडोलाचं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या.

परतीची गाडी 5 च्या आधीची घेऊ नका. मोटेट लांबलं तर अर्ध्यातून उठावं लागेल, आणि लॉकरमधून बॅग काढून फलाटावर पोचायलाच वीस मिनिटं जातात. रविवारी सकाळचं विमान असेल तर शनिवारी रात्रीच फ्रँकफुर्टला मुक्काम करा. रविवार पहाटेच्या गाडीवर विमान सोपवू नका.