पावसाळ्यातली बुरशी बीजाणूंवरून कशी ओळखायची

ठाण्यात जुलै लागला की कपाटातल्या चामडी चपलेपासून पावापर्यंत सगळीकडे बुरशी धरते, आणि लोक नुसत्या रंगावरून काळी बुरशी, हिरवी बुरशी म्हणून मोकळे होतात. रंगावर जाऊ नका. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू, म्हणजे बुरशीचा बियांसारखा बारीक कण, बघा, आणि तो कशाला कसा चिकटलाय ते त्याच्याही आधी बघा.

म्हणून सुईने खरवडायचं नाही, सगळं विस्कटतं. पारदर्शक सेलोटेप बुरशीवर हलकेच टेकवायची, स्लाइडवर लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रावाचा थेंब टाकायचा, त्यावर टेप चिकट बाजू खाली करून ठेवायची, मग सूक्ष्मदर्शकाचं आधी 10 चं ऑब्जेक्टिव्ह (खालचं भिंग) लावायचं, मग 40 चं. मास्क लावाच, आणि घरात कोणाला दमा असेल तर हे घरात करूच नका.

अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम, दोघांचे सुटे बीजाणू साधारण गोल आणि 3 ते 5 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, त्यामुळे नुसते ते बघून फसायला होतं. देठाच्या टोकाला फुगा आणि फुग्यावर बीजाणूंच्या माळा असल्या तर अ‍ॅस्परजिलस, फुगा नाही आणि फांद्या झाडूसारख्या तर पेनिसिलियम. पावावरच्या रायझोपसचे बीजाणू पिशवीत असतात, देठाच्या बुडाशी मुळांसारखे तंतू दिसतात.

मला सगळ्यात आवडते ती कर्व्हुलॅरिया. ठाण्याच्या येऊरच्या जंगलातून गवताची वाळकी पाती आणायची, डब्यात ओल्या टिश्यूवर दोन-तीन दिवस झाकून ठेवायची, मग काळपट लव आली की टेप लावायची. तपकिरी, वाकडा बीजाणू, आत आडवे पडदे. ते पडदे मोजा! तीन पडदे, चार पेशी आणि बुडाकडून तिसरी पेशी फुगीर, गडद असेल तर ती लुनाटा जात, चार पडदे आणि मधली पेशी मोठी असेल तर जेनिक्युलाटा. आडव्यांबरोबर उभे पडदेही दिसले आणि टोकाला चोच असली तर ती अल्टरनेरिया, टोमॅटोच्या पानावरच्या डागात हमखास सापडते.

एका बीजाणूवर नाव ठरवू नका, आयपीसमधली (डोळ्याकडच्या भिंगातली) मोजपट्टी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे नेमक्या मापाच्या खुणा असलेल्या स्लाइडवर, तपासून घ्या आणि निदान 25-30 बीजाणूंची लांबी-रुंदी वहीत लिहा. कोवळ्या बीजाणूत पडदे कमी असतात, ते सोडून द्या. कर्व्हुलॅरियात सारख्या दिसणाऱ्या जाती बऱ्याच आहेत, डीएनए तपासल्याशिवाय पक्कं होत नाही, त्यामुळे मी लेबलवर 'कर्व्हुलॅरिया, लुनाटाच्या जवळची' एवढंच लिहिते, खाली गवत, जागा, तारीख.