गाडी पेंटला टाकलीय? मग प्रायमरच्या दिवशी गॅरेजला चक्कर मारा

मागच्या पावसाळ्यात पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला एका दुचाकीवाल्याने माझ्या मागच्या दाराला हँडल घासलं, चांगला पोचा आला. घराजवळच्याच एका गॅरेजात टाकली, दोन दिवसात दार चकाचक, मी पण खूश, आणि दिवाळीपर्यंत त्याच दारावर तांदळाच्या दाण्याएवढे फोड. दुसऱ्या पेंटरने रंग खरवडून दाखवला तेव्हा कळलं की आधीच्याने पुट्टी, म्हणजे पत्र्यातला खड्डा भरायचा लेप, पाणी मारून घासली होती आणि ती नीट वाळायच्या आत वरून रंग मारून मोकळा झाला होता. पुट्टी स्पंजसारखं पाणी पिते, वर रंगाचा थर बसला की ते पाणी आत अडकतं आणि ऊन लागलं की बाहेर यायला धडपडतं, तेच फोड.

म्हणून सांगतो, रंग मारणं हे काम एखाद तासाचं, बाकी सगळा वेळ त्याच्या आधीच्या घासाघाशीत जातो आणि तिथेच चोरी होते.

आधी डेंटर पत्रा आतून ठोकून किंवा बाहेरून ओढून जागेवर आणतो. पत्रा जितका सरळ तितकी पुट्टी कमी, त्यामुळे डेंटिंग घाईत उरकलं की पुढे पुट्टीचे थरावर थर चढतात. मग खराब झालेला भाग घासून पत्र्यापर्यंत न्यायचा आणि कडा अशा उतरत्या करायच्या की बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. पुट्टीत हार्डनर (कडक करणारं रसायन) प्रमाणात मिसळून पातळ हाताने लावायची आणि सुकी घासायची, आधी ८० नंबरचा सँडपेपर, मग १८०, मग ३२०. घासायला पेपरमागे लाकडी किंवा रबरी ठोकळा पाहिजे, नुसत्या बोटांनी घासलं तर लाटा राहतात, आणि त्या वाळलेल्या पुट्टीवर दिसत नाहीत, रंगाची चकाकी आली की मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं दिसायला लागतं.

त्यानंतर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर. चांगला पेंटर प्रायमरवर काळ्या पावडरीचा किंवा काळ्या स्प्रेचा हलका हात देतो आणि मग घासतो, जिथे काळं उरलं तिथे खड्डा. साधी युक्ती आहे पण भारी. हाच दिवस गाठून गॅरेजला जा! तिरक्या उजेडात दार बघा, हात फिरवा, रबर आणि हँडल काढलेत की रंग लागू नये म्हणून त्यावर नुसती चिकटपट्टी लावलीय ते पण बघा. रंग मारल्यावर हे विचारण्यात अर्थ नाही.

आता शेडचं. बहुतेक गाड्यांवर कलर कोडचा स्टिकर असतो, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. पण कोड बरोबर असला तरी पाच-सात वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी त्या कोडची राहिलेली नसते, म्हणून आधी एका नमुन्याच्या पट्टीवर रंग मारून ती गाडीला लावून बघतात, तेही बाहेर उन्हात. सिल्व्हर आणि पर्लवाल्यांनो, तुमचं जरा अवघड आहे. त्यात धातूचे किंवा अभ्रकाचे बारीक कण असतात, स्प्रे गनचं प्रेशर किंवा अंतर बदललं की ते वेगळे बसतात आणि त्याच डब्यातला रंग वेगळा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे शेजारच्या पॅनलवर बेसकोट (खालचा रंगाचा थर) हळूहळू विरत न्यायचा आणि त्या पूर्ण पॅनलवर क्लिअरकोट (वरचा पारदर्शक थर) मारायचा. त्याचे पैसे जास्त लागतात, पण पेंटर हे करू म्हणाला तर तो लुबाडत नाहीये.

बेसकोट सुकला की मॅट दिसतो, घाबरू नका, चकाकी क्लिअरकोटची असते. रंगाच्या दोन थरांच्या मध्ये काही मिनिटं थांबायचं, थिनर उडून जाऊ द्यायचा. मग बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, साधारण ६० डिग्रीला अर्धा तास. कारखान्यात १४०च्या आसपास भाजतात कारण तिथे नुसती बॉडी असते, आपल्या गाडीत वायरिंग, सीट, प्लास्टिक सगळं बसवलेलं, तेवढी उष्णता देताच येत नाही, त्यामुळे गॅरेजचा रंग हार्डनरच्या जोरावर कडक होतो. तो हार्डनर नाकात गेला तर दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा उद्योग घरी करायचा विचार असेल तर तो सोडा.

जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर रंग मारून घेऊ नका, पुण्याच्या त्या दमट हवेत पांढरट धुकट छटा येऊ शकते. बूथ असेल तर चालतं, फक्त कंप्रेसरच्या हवेच्या लाइनला पाणी गाळणारा फिल्टर आहे का विचारा.

गाडी दुपारी घ्यायला जा, संध्याकाळी नाही, चांगल्या उजेडातच दोष दिसतात. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, त्यामुळे कोणाकडे जाडी मोजायचं मीटर असेल तर दुरुस्त केलेलं आणि हात न लावलेलं अशी दोन्ही दारं मोजा. दुरुस्त केलेलं दार थोडं जाड येणारच, पण आकडा हजारात गेला तर खाली पुट्टीचा ढीग आहे. बारीक कचरा किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत असेल तर २००० नंबरने घासून पॉलिशने निघतो, तेवढं त्यांच्याकडूनच करून घ्या. पुढचा महिनाभर वॅक्स नको, प्रेशर वॉशर नको, आणि झाडाखाली लावत असाल तर पक्ष्यांची घाण दिसली की लगेच पाण्याने भिजवून काढा, कोरडी खरवडू नका.