गाडी मॉडिफाय करू की फास्ट गाडी घेऊ? आधी या चुका टाळा

"गाडीत दम राहिला नाही यार" हे मी स्वतः बोललोय, ओळखीतल्या चार-पाच जणांकडून ऐकलंय, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, रिमॅप मारू (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवू), फिल्टर-एक्झॉस्ट टाकू की ही विकून सरळ टर्बो गाडी (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारी) घेऊ. यात पैसे कुठे वाया जातात ते जवळून बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आपली गाडी मुळात जेवढी पळायला हवी तेवढी पळतेय का, हे न तपासताच निर्णयाला बसणं. माझी २०१८ ची स्विफ्ट, १.२ पेट्रोल मॅन्युअल. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात सेकंडला टाकूनही ओढेना, पुढचा भरलेला ट्रक काही मागे टाकता येईना आणि मागून हॉर्नवर हॉर्न. माझं तर ठरलंच होतं की आता गाडी बदलायची, शोरूमला फोनही करून झाला होता. घाट संपल्यावर चहाला थांबलो तर डाव्या मागच्या चाकापाशी जळका वास, रिमजवळ हात नेला तर चटका बसेल एवढी गरम, आणि उजवं मागचं चाक मात्र जेमतेम कोमट. हँडब्रेकची केबल अडकली होती, त्यामुळे ब्रेकचे शू चाकातल्या ड्रमला घासत होते, म्हणजे मी कित्येक दिवस ब्रेक लावूनच गाडी चालवत होतो! केबल, शू, ड्रमची सफाई, सोबत प्लग आणि एअर फिल्टर, सगळं मिळून नव्या गाडीच्या एका हप्त्याहूनही कमी खर्च आला आणि गाडी परत पहिल्यासारखी धावायला लागली.

त्यामुळे आधी हे बघा. प्रवासानंतर चारही चाकांच्या जवळ हात नेऊन बघा, एकच चाक जास्त गरम असेल तर ब्रेक धरतोय. सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ४०-५० च्या स्पीडला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) झपकन वर गेला पण स्पीड त्या हिशोबाने वाढला नाही तर क्लच स्लिप होतोय, तिथे कुठलाही रिमॅप कामाचा नाही. गाडी लाख किलोमीटरच्या पुढे गेली असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट बनतोय का ते) करून घ्या. टायरमधली हवा तर दर पंधरा दिवसांनी बघायचीच.

दुसरी चूक, बिनटर्बोच्या इंजिनात पैसे ओतून पॉवर शोधणं. स्विफ्टचं हे इंजिन ८३ पीएस ताकदीचं आणि ११३ एनएम टॉर्कचं (टॉर्क म्हणजे ओढायचा जोर), आणि तो टॉर्क पूर्ण मिळतो ४२०० आरपीएमला. अशा इंजिनला रिमॅप मारून पाच-दहा टक्के मिळाले तरी खूप, म्हणजे चार-आठ पीएस, घाटात चौघं बसल्यावर ते कळतसुद्धा नाहीत. याउलट जुनी पोलो जीटी टीएसआय घ्या, तिचंही इंजिन १.२ चंच पण टर्बोवालं, तिथे १७५ एनएम टॉर्क १५०० आरपीएमपासूनच हातात असतो. फरक पडतो तो इथे. लोक फक्त पीएसचे आकडे लावून बसतात पण ओव्हरटेकला पाय दाबल्यावर जो धक्का हवा असतो तो खालच्या आरपीएमच्या टॉर्कमधून येतो, आणि तो फिल्टर बदलून येत नाही. त्यात महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीवर हवा विरळ झाली की बिनटर्बो इंजिनची दहा-बारा टक्के ताकद अशीच जाते. माझं मत अगदी स्पष्ट आहे, बिनटर्बो गाडीत पॉवरसाठी पैसे घालू नका, गरज खरी असेल तर गाडीच बदला.

पण टायर आणि ब्रेकवर मात्र जरूर घाला. इथेही एक चूक हमखास होते, दिसायला भारी म्हणून १७ इंची जड अलॉय बसवायचे. जड चाक फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो, पिकअप उलट कमी होतो, आणि टायरची साइडवॉल पातळ झाल्यामुळे एका खड्ड्यात रिम वाकते. स्विफ्टला खालच्या मॉडेलवर १६५/८० आर१४ टायर येतात (१६५ ही रुंदी, १४ म्हणजे रिमचे इंच), वरच्यावर १८५/६५ आर१५, दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६२० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे १४ वरून १५ चा बदल केला तरी स्पीडोमीटर चुकत नाही आणि पकड चांगली सुधारते. सोबत चांगले ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल, ते दोन वर्षांनी बदलायचं असतं हे बऱ्याच जणांच्या लक्षातच नसतं. मी एवढंच केलं, आणि आता त्याच गाडीने घाट उतरताना जो भरवसा वाटतो तो आधी कधीच नव्हता.

टर्बो गाडी असेल तर रिमॅपने खरोखर वीस-तीस टक्के मिळू शकतात हे खरंय. पण क्लच आणि गिअरबॉक्स ते झेलणार आहेत का हे विचारतो कोण? सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० एनएमपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे, रिमॅप करणारा ट्यूनर त्याच्या काठावर नेऊन ठेवतो आणि पुढे गिअरबॉक्सचं बिल आपल्या नावावर. इंजिनची वॉरंटी जाते, विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल तर क्लेमही अडकू शकतो.

कायद्याचं तर "पकडतंय कोण" म्हणून सोडूनच दिलं जातं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ नोंदींपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल चालणार नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट तर लांबूनच ऐकू येतो, आणि शेजारच्या घरातल्या झोपलेल्या बाळालाही.

आता गाडी बदलायचं ठरलंच तर. एक्स-शोरूमवर हिशोब करू नका, महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० ते २० लाखांच्या टप्प्यात १२ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे १५ लाखांच्या गाडीवर नुसता टॅक्सच १ लाख ८० हजार, वर विमा आणि कर्जाचं व्याज. आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या चौकातून एकट्याने मारून येऊ नका, घरातली चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा आणि जवळच्या चढावर घेऊन जा, सेल्समन नको म्हणाला तर दुसरं शोरूम गाठा. जुनी टर्बो घेत असाल तर सकाळी थंड इंजिनवर स्वतः स्टार्ट करा, सायलेन्सरमधून निळा धूर (म्हणजे ऑइल जळतंय) येतोय का बघा, आणि आधीच्या मालकाने रिमॅप मारून विकायच्या आधी परत स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, केलाय का हे चांगल्या स्कॅनरवाल्याकडून तपासून घ्या. काही गाड्यांच्या ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) किती वेळा फ्लॅश झालंय, म्हणजे सॉफ्टवेअर बदललंय, याची नोंद राहते. मालक स्कॅन करू द्यायला तयार नसेल तर बयाणा देऊ नका.