कॉइलओव्हर घेताना या चुका टाळा: गाडी रोज ऑफिसलाही जाते आणि ट्रॅकवरही

नवे कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि डॅम्परचा (शॉक अॅब्सॉर्बरचा) सेट, बसवून आठवडा झाला होता. आईला मागच्या सीटवर बसवून पुण्याहून साताऱ्याला निघालो. खंबाटकी चढेपर्यंत ती काही बोलली नाही. घाट संपल्यावर म्हणाली, "अरे, एवढे पैसे घालून गाडीचा टेम्पो केलास होय?" मी तिला लो-प्रोफाइल टायर, स्पोर्ट्स स्प्रिंग वगैरे समजावत बसलो. खरं तर तिचं निदान बरोबर होतं आणि माझं चुकीचं. मला वाटत होतं स्प्रिंग कडक आहेत. प्रत्यक्षात गाडी स्प्रिंगवर चालतच नव्हती, ती बंपस्टॉपवर, म्हणजे डॅम्परचा प्रवास संपतो तिथल्या रबरी ठोकळ्यावर, बसली होती.

माझी गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस. चार दारं आणि मागे भलीमोठी डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर मित्रांमध्ये वाद आहे. पण ती रोज हिंजवडीला जाते आणि वर्षातून दोनदा दक्षिणेतल्या ट्रॅकवर फिरते, म्हणून खालचं सगळं तिच्या अनुभवावरून लिहितोय. बीएमडब्ल्यू एम2 किंवा पोर्शे केमन असली तरी गणित तेच, आकडे फक्त बदलतात.

पहिली चूक: उंची बघून सेट निवडणं

दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती खाली जाईल?" विचारायला हवं ते असं: "मला हव्या त्या उंचीला चाकाला वर जायला किती मिलिमीटर जागा उरेल?" गाडी मऊ किंवा कडक लागणं याच जागेवर ठरतं. मी माझी गाडी 45 मिलिमीटर खाली घेतली होती. दिसायला झकास. मग एका संध्याकाळी डॅम्परच्या चकचकीत दांड्यावर एक प्लास्टिकचा टाय घट्ट बांधला, सीलपर्यंत खाली सरकवला आणि सोसायटीच्या गेटपासून चांदणी चौकापर्यंत एक चक्कर मारून आलो. उलट्या दांड्याच्या डॅम्परवर हे जमत नाही, साध्यावर सहज जमतं. परत आल्यावर चाक काढून पाहिलं, तर टाय थेट बंपस्टॉपच्या पोटात घुसलेला. गाडी उभी असताना डॅम्परची बॉडी आणि बंपस्टॉप यांच्यात उरलेली मोकळी जागा मोजली: 18 मिलिमीटर. आपल्याकडचा एक मध्यम खड्डा तेवढी जागा एका दमात खातो.

गाडी 20 मिलिमीटर वर घेतली. स्प्रिंग तीच, डॅम्परच्या नॉबचे क्लिक तेच. आई पुढच्या वेळी साताऱ्यापर्यंत झोपून गेली.

यात आणखी एक गैरसमज दडलाय. "जितकी खाली, तितकी वळणात कमी झुकते" असं सर्रास सांगितलं जातं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (डॅम्परच चाकाचा वरचा आधार असतो ती रचना) असलेल्या गाडीत हे थोड्या खालीपर्यंतच खरं असतं. चाकाला गाडीशी जोडणारा खालचा आर्म आडवा असतो तोवर ठीक. त्यापेक्षा खाली घेतली की आर्म चाकाकडे वर तोंड करून उभा राहतो, रोल सेंटर (गाडी वळणात ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली पडतं आणि गाडी झुकायची ओढ वाढते. मग ती रोखायला आणखी कडक स्प्रिंग लागते. म्हणजे खाली घेतली म्हणून कडक केली आणि कडक केली म्हणून मणके गेले. रोजच्या गाडीला मूळ उंचीपेक्षा 15 ते 25 मिलिमीटर खाली हा माझा कायमचा सल्ला. पन्नासवाले फोटो काढायला चांगले.

सरकारी मानकाप्रमाणे, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 च्या 1988 च्या आवृत्तीनुसार, गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. तसा गतिरोधक मी आजवर मोजून तीन ठिकाणी पाहिलाय. आमच्या गेटसमोरचा डांबरात अर्धा पाइप पुरल्यासारखा आहे. उंची ठरवताना डोळ्यांसमोर तोच ठेवा.

स्प्रिंगवरचा आकडा वाचायची घाई

जपानी सेटवर स्प्रिंगचा आकडा किलो प्रति मिलिमीटरमध्ये असतो, युरोपियन सेटवर न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये. 8 किलो म्हणजे सुमारे 78 न्यूटन. हे न कळल्यामुळे एका मित्राने "80 म्हणजे दगड असणार" म्हणून चांगला सेट सोडला आणि "8" वाला घेतला. दोन्ही जवळपास सारखेच होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. स्प्रिंगचा आकडा चाकापर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. मधल्या लिव्हरच्या गुणोत्तराचा वर्ग होऊन तो पोहोचतो. माझ्या गाडीत पुढे स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र आहेत, पण मागे मल्टिलिंकमध्ये (अनेक आर्मच्या सस्पेन्शनमध्ये) स्प्रिंग वेगळी, आर्मच्या मधोमध बसते. चाक 10 मिलिमीटर वर गेलं आणि स्प्रिंग 6 मिलिमीटरच दबली, तर 100 न्यूटनची स्प्रिंग चाकाला फक्त 36 न्यूटनची वाटते. म्हणून मागच्या स्प्रिंगवरचा मोठा आकडा बघून घाबरू नका आणि पुढचा-मागचा आकडा थेट ताडून बघू नका.

मग कडकपणा मोजायचा कशाने? फ्रिक्वेन्सीने. एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेलं वजन 400 किलो धरा. चाकाजवळचा दर 30 न्यूटन असेल तर गाडी सेकंदाला साधारण 1.4 वेळा डुलते, 60 असेल तर 1.95 वेळा. शहरातली आरामशीर गाडी 1 ते 1.5 हर्ट्झमध्ये असते, स्पोर्टी 1.5 ते 2 मध्ये. विंग नसलेल्या ट्रॅक कारला 2 ते 2.5 चालतं. आपल्या रस्त्यांवर रोज चालवायची असेल तर मी 1.8 च्या आसपास थांबतो. मागचा आकडा पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवा. पुढची चाकं आधी उडी घेतात, मागच्यांना उशिरा निघून त्यांना गाठायचं असतं. तसं झालं नाही तर गतिरोधकानंतर गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलत राहते.

विक्रेत्याला स्प्रिंगचा दर आणि तुमच्या मॉडेलचं मोशन रेशो, म्हणजे वरचं लिव्हरचं गुणोत्तर, विचारा. "सर, एकदम बॅलन्स्ड आहे" एवढंच उत्तर आलं तर चहा प्या आणि बाहेर पडा.

प्रीलोडने उंची बदलणं

स्वस्त सेटमध्ये उंची बदलायला स्प्रिंगखालची रिंग फिरवतात. तिथे गाडी खाली घेतली की दांड्याचा वर जायचा प्रवासच कमी होतो. चांगल्या सेटमध्ये खालची बॉडी वेगळ्या चुड्यांवर (आट्यांवर) फिरते, त्यामुळे डॅम्परचा प्रवास आणि प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) जागच्या जागी राहतात. टायर फेंडरला किंवा लायनरला लागतो का, हे मात्र दोन्हीत तपासावं लागतं.

"प्रीलोड वाढवलं की गाडी कडक होते" हेही अर्धसत्य. सरळ दराची स्प्रिंग कितीही आधी दाबून ठेवा, पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला ती तेवढाच जोर लावते. प्रीलोडने बदलतं ते उंची आणि चाकाला खाली लोंबायला मिळणारी जागा. ती जागा संपली की खड्ड्यात चाक रस्ता सोडतं.

"32 क्लिक आहेत" म्हणून भुलणं

एका नॉबवाल्या सेटमध्ये तो नॉब बहुतांशी रिबाउंड (दबलेला डॅम्पर परत लांबतानाचा विरोध) फिरवतो, जोडीला थोडं कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध). 32 पैकी निम्मे क्लिक काही फरकच पडू देत नाहीत, असेही सेट मी पाहिलेत. दोन नॉबवाला महाग असतो, पण रोजची आणि ट्रॅकची गाडी एकच असेल तर पैसे तिथे घाला. तीन नॉबवाल्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात लो-स्पीड, हाय-स्पीड असतं आणि बरेच जण तो गाडीचा वेग समजतात. तो डॅम्परच्या दांड्याचा वेग असतो: वळणात झुकताना कमी, खड्ड्यात जास्त. हे मनात पक्कं नसेल तर तीन नॉब म्हणजे तीन ठिकाणी बिघडवायची सोय.

क्लिक नेहमी पूर्ण बंद करून तिथून उलटे मोजा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. उजवा-डावा वेगळा राहिलेला मी स्वतः दोन महिने चालवलाय.

बसवल्यानंतर काय बिघडतं

सगळ्यात जास्त वेळा होणारी गोष्ट गॅरेजमध्येच होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबती, आणि मेकॅनिक आर्मचे बोल्ट इम्पॅक्ट गनने कचकचून घट्ट करतो. त्यामुळे रबरी बुश लोंबत्या स्थितीतच जखडतात. गाडी खाली आली की ते कायम पिळलेले राहतात, गाडी उंच आणि कडक वाटते, काही महिन्यांत बुश फाटतात. चाकांवर वजन आल्यावरच शेवटचा आवळा द्यायला सांगा. मी शेजारी उभा राहतो. मेकॅनिकला राग येतो, येऊ दे.

सरळ रस्त्यावर एकामागून एक धक्के आले की गाडी जास्तजास्त कडक होत जाते का? रिबाउंड जास्त आहे. चाक पुढच्या धक्क्याआधी खाली परत येत नाही, गाडी हळूहळू स्वतःला खाली ओढून बंपस्टॉपवर बसते. लोक इथे नॉब आणखी आवळतात, उलट तीन-चार क्लिक सैल करा. एका धक्क्यानंतर गाडी दोनदा-तीनदा डुलत असेल तर मात्र रिबाउंड वाढवायचं.

पार्किंगमध्ये स्टेअरिंग फिरवताना "टंग" आवाज येत असेल तर वरचं माउंट तपासा. बॉल-बेअरिंगवाले धातूचे माउंट ट्रॅकवर सुंदर, पण आपली धूळ आणि पावसाळा त्यांना वर्षभरात बोलतं करतात. रोजच्या गाडीला रबरी माउंट बरं. खड्ड्यात "कट-कट" वाजत असेल तर आधी लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारा दांडा) बघा. गाडी खाली घेतल्यावर त्याचा कोन बदलतो.

टायर आतून झिजत असतील तर दोष कॅम्बरवर (चाकाच्या उभ्या कलावर) ढकलू नका. पुढे दोन-अडीच अंश उणे कॅम्बर रोजच्याला चालतो, टायर खाते ती चुकलेली टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळली आहेत ते). उंची बदलली की टो बदलते, म्हणून उंची ठरवल्यानंतर अलाइनमेंट, तेही पाचशे किलोमीटर चालवून स्प्रिंग बसल्यावर पुन्हा एकदा. कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन जुळवणं) करायचं असेल तर तुमच्या वजनाचं कोणीतरी ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि लिंक रॉड सोडून ठेवा. हेडलाइटचा झोतही तपासून घ्या, नाहीतर समोरचा तुम्हाला शिव्या घालणार.

चेन्नईपर्यंत जायचं कसं, हेही बघा

पुण्याहून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट हजार-बाराशे किलोमीटर. तिथला एक फेरा पावणेचार किलोमीटरच्या आत. म्हणजे दिवसभर ट्रॅकवर शंभर-दीडशे किलोमीटर होतात आणि जाऊन-येऊन दोन हजारांवर. मागे सुटकेस, जादा टायर, जॅक. माझा सेट रस्त्यावर पुढे 16, मागे 14 क्लिक उघडा असतो. इरुंगट्टुकोट्टईला पोहोचलो की पुढे 9, मागे 7. संध्याकाळी गेटबाहेर पडण्याआधी परत उघडतो. एकदा विसरलो. कृष्णगिरीपर्यंत लक्षात आलं नाही, तोवर एका लिंक रॉडने मान टाकली होती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं (गाडीतल्या फेरबदलांबद्दलच्या) भान ठेवा आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. क्लेमच्या वेळी वाद घालण्यापेक्षा एक ईमेल सोपा.

पावसाळ्याआधी आणि नंतर चुड्या ब्रशने घासून घ्या, ग्रीस लावा आणि रिंग अर्धा फेरा फिरवून परत जागेवर आणा. कोकणात वरचेवर जात असाल तर हे दर महिन्याला. एका मित्राची रिंग गंजून अशी बसली की उंची बदलायला त्याला अख्खा सेट कापून काढावा लागला.