लोंबणारा सनवायझर : नवा घेण्याआधी काय करून बघावं

छत्रपती संभाजीनगरात राहून जालन्याला नोकरी करणाऱ्याच्या नशिबी दोन्ही वेळचा सूर्य असतो. जालना सरळ पूर्वेला, साठेक किलोमीटर. सकाळी जाताना ऊन तोंडावर, संध्याकाळी परतताना पुन्हा तोंडावर. जालन्यात राहून इकडच्या औद्योगिक वसाहतींत, शेंद्र्याला किंवा चिकलठाण्याला, कामाला येणारे मात्र दोन्ही वेळा पाठीवर ऊन घेऊन निवांत जातात. मी पहिल्या गटातला. त्यामुळे गाडीतल्या ज्या वस्तूला बाकीचे लोक वर्षातून चारदा हात लावतात, तिला माझा हात रोज लागतो. ती म्हणजे सनवायझर, पुढच्या काचेच्या वर छताला लावलेली, ऊन अडवायची पाटी. हिवाळ्यात तर जास्तच, कारण तेव्हा सूर्य आग्नेयेला उगवतो, जाताना तो उजव्या हाताला येतो आणि वायझर मधल्या आरशाकडच्या हुकातून काढून दाराच्या काचेकडे फिरवावा लागतो. मोडतो तो या फिरवाफिरवीतच.

गेल्या जानेवारीत करमाडच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि वायझर डोळ्यांपुढे आडवा आला. समोर सळयांचा ट्रक. वर ढकलावा तर परत खाली. गाडी कडेला घेईपर्यंत थंडीतही घाम फुटला. मग सगळे करतात तेच मीही केलं, खाकी चिकटपट्टी मारली. संध्याकाळी गाडी काढली तेव्हा पट्टी सुटून मांडीवर पडली होती आणि छताच्या अस्तरावर चिकटाचा काळपट डाग उमटला होता. तो डाग अजून आहे. म्हणून पहिली गोष्ट ही, की चिकटपट्टी नको. रस्त्यात वायझर निकामी झाला तर पेचकस असल्यास वायझर काढून मागच्या सीटवर टाका. नसल्यास दाराच्या काचेकडे फिरवून ठेवा. मात्र तिथून बाहेरचा आरसा दिसतोय ना, ते बघा. जोरात ब्रेक लागला की लोंबणारा वायझर नेमका समोर येतो.

आधी दुखणं कुठं आहे ते शोधा

घरी सावलीत गाडी लावा, वायझर खाली घ्या आणि कोपऱ्यातला दांडा मुळाशी धरून हलवा. मुळासकट हलत असेल तर स्क्रू ढिले झालेत. मूळ घट्ट आहे, दांडाही घट्ट आहे, पण पाटी मात्र जीव नसल्यासारखी खाली पडते, तर आतली पकड गेली. पाटी मधल्या आरशाकडच्या टोकालाच खाली येते, तर तिकडचा हूक नाहीतर पाटीतली बारीक पिन तुटली. बहुतेक लोंबणारे वायझर या तिन्हींपैकी एकात बसतात आणि तुटलेली पिन सोडली तर नवा वायझर हा काही पहिला इलाज नाही.

स्क्रूचं काम पाच मिनिटांचं. दांड्याच्या मुळाशी प्लास्टिकचं झाकण असतं, ते नखानं किंवा जुन्या एटीएम कार्डानं उचकटा. आत दोन किंवा तीन स्क्रू दिसतील, काही गाड्यांत साधे चौफुलीचे, काहींत स्टार डोक्याचे. स्टारला टी-20 मापाचं बिट (पेचकसाचं टोक) बऱ्याचदा चालतं; साधा पेचकस घालून स्टारचं डोकं खराब करू नका, मग ते कुणालाच निघत नाही. हात लावण्याआधी डॅशबोर्डवर एखादं उपरणं नाहीतर जुना टॉवेल अंथरा. पुढच्या काचेच्या बुडाशी जी हवेची फट असते, तिच्यात पडलेला स्क्रू परत मिळत नाही. तो मग प्रत्येक वळणावर आत खुळखुळत राहतो. माझ्या गाडीत एक आहे.

स्क्रू फिरतो पण घट्टच होत नसेल तर भोक मोठं झालंय. त्याच लांबीचा, जरासा जाड स्क्रू घ्या. लांब स्क्रू कधीच घालू नका. त्या कोपऱ्यात छताच्या आत वायरी असतात, आणि कर्टन एअरबॅग (दाराच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी हवेची पिशवी) असलेल्या गाडीत तिची घडी छताच्या कडेनंच गेलेली असते. ड्रिल मारायची हौस तर तिथे अजिबात नको.

आतली पकड

खरं दुखणं बहुधा इथं असतं आणि इथंच लोक हात टेकून नवा वायझर मागवतात. पाटीच्या आत दांड्याला मिठी मारून एक पोलादी पत्ती बसलेली असते, केसांच्या चापासारखी वाकवलेली. दांड्याची एक बाजू तासून सपाट केलेली असते. वायझर वर नेताना तो सपाट भाग पत्तीखाली आला की ‘टक’ होतं आणि पाटी छताला चिकटते. वर्षानुवर्षं ओढून पत्ती फाकते, किंवा उन्हात कडक झालेलं तिच्याभोवतीचं प्लास्टिक चिरतं. मग ‘टक’ जातो. तो ‘टक’ गेला म्हणजे रोग तिथंच.

मी वायझर काढून शहरातल्या एका कुशनवाल्या चाचांकडे नेला, कव्हर तरी नवं घालून द्या म्हणून. त्यांनी तो कानाशी धरून दोनदा फिरवला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “साहब, नवा कायको लेते? पत्ती फैल गई, दबाके देता.” पुढची दहा मिनिटं मी फक्त बघत होतो.

त्यांनी केलं ते असं. वायझर वर मिटल्यावर छताला लागते ती बाजू, म्हणजे एरवी दिसतच नाही ती, आपल्याकडे घेतली. दांडा जिथं आत शिरतो तिथून चार बोटं शिवण ब्लेडनं उसवली. (शिवण नसेल तर पाटीच्या दोन अर्ध्या एकमेकांत खटक्यानं बसवलेल्या असतात, तिथं प्लास्टिकची पट्टी घालून हळूच फाकवा. पेचकस घातला तर कड कायमची दबते.) पत्ती दिसली की पक्कडनं दोन्ही पाय किंचित दाबले. किंचित म्हणजे डोळ्याला फरक कळू नये इतकंच. दांडा घालून फिरवून बघितला, परत जरा दाबला. तिसऱ्या वेळी ‘टक’ आला. जास्त दाबली तर पाटी इतकी कडक होते की खाली ओढताना दांडाच मुळातून पिळवटतो, म्हणून ही तीनदा दाबायची चिकाटी.

पत्ती शाबूत आहे पण तरी पकड सैल वाटते, तर इलेक्ट्रिकच्या दुकानातून दांड्याच्या मापाची हीट श्रिंक ट्यूब आणा. दोन इंचाचा तुकडा दांड्यावर सरकवा, केस वाळवायच्या यंत्रानं तापवा. ती आवळून बसते आणि दांड्याची जाडी केसभर वाढते. एवढ्यानंही पुष्कळदा भागतं.

प्लास्टिक चिरलं असेल तर फेविक्विकच्या नादी लागू नका. ही पाटी बहुधा पॉलिप्रोपिलीनची असते आणि त्याला ते धड चिकटत नाही, एम-सीलही नाही. शिवाय फेविक्विकच्या वाफेनं आजूबाजूला पांढुरके डाग पडतात. ग्लू गनचा गोंद हिवाळ्यात झकास धरतो. पण एप्रिल-मेमध्ये बाहेर 42 अंश असताना बंद गाडीत काय होतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तो गोंद तिथं लोण्यासारखा होतो. चिरेच्या दोन्ही बाजूंना तापवलेल्या सुईनं भोकं पाडा आणि बारीक झिप टाय किंवा तांब्याची तार आरपार ओवून आवळा. टोकं कापून आत दाबा, मग शिवण घाला. दिसायला जुगाड, पण तो कव्हरच्या आत जातो.

आणि वायझर कुरकुरतो म्हणून तेलाचा स्प्रे मारू नका. ही वस्तू घर्षणावर उभी आहे. मी एका शेजाऱ्याला हौसेनं मारून दिला होता. त्यांचा वायझर तेव्हापासून कशालाच थांबत नाही.

आरशाकडचा हूक तुटला तर तो सुटा मिळतो, एका स्क्रूवर नाहीतर खटक्यावर बसतो. पाटीतली पिन तुटली तर मात्र अवघड. तेवढ्यासाठी तारेचा आकडा करून बघता येतो, पण अपघातात डोकं आपटण्याच्याच जागी उघडं तारेचं टोक ठेवणं मला पटत नाही. तिथं नवा घ्यावा.

नवा घ्यायचाच झाला तर

जुना सोबत न्या. डावा-उजवा वेगळा असतो, राखाडी आणि बदामी रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात, आणि एकाच गाडीच्या दोन मॉडेलांत दांड्याची लांबी बदललेली असते. अधिकृत काउंटरवर चॅसिस नंबर सांगितला की नेमका भाग निघतो. जुन्या गाड्यांच्या भागांच्या दुकानात भाव निम्म्यावर येऊ शकतो, पण पैसे देण्याआधी हातात धरून दहा वेळा उघडझाप करा आणि ‘टक’ ऐका. पाटीतल्या आरशाला दिवा असलेला वायझर असेल तर त्यामागे वायर येते. काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवा आणि वायर न ओढता तिचं सॉकेट दाबून सुटी करा. डाव्या वायझरवर एअरबॅगची सूचना चिकटवलेली असते, पुढच्या सीटवर मागे तोंड करून लहान मुलाची सीट लावू नका, ही. बदलताना ती असलेलाच घ्या.

भाग यायला आठवडा लागतो, तोवर जायचं तर आहेच. पुढच्या काचेवर वरून काळी पट्टी मारून घ्या असा सल्ला हमखास मिळेल. तो घेऊ नका: केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत यायला हवा, आणि त्यापेक्षा काळं केलं की दंड. त्याऐवजी काच आतून पुसा. उन्हात डॅशबोर्डमधून निघणाऱ्या वाफेचा तेलकट थर काचेवर आतून बसतो आणि समोरून ऊन आलं की सगळी काच पांढरी होते. आधी ओल्या, मग कोरड्या फडक्यानं पुसली तर निम्मं चकाकणं तिथंच जातं. वर पुढं छज्जा असलेली टोपी घाला. तेही पुरेना तर करमाडला किंवा बदनापूरला चहाला थांबा. सूर्य तासाला साधारण 15 अंश सरकतो, म्हणजे सावकाश प्यायलेल्या एका चहात पाचेक अंश, आणि तेवढ्यात तो गाडीच्या छताआड जायला लागतो. हे सकाळचं झालं. संध्याकाळी सूर्य खाली येत असतो, तेव्हा तो बुडेपर्यंत टपरीवर बसा.

बसवून झालं की वायझर वर मिटा, पाटीत खोचलेल्या टोलच्या पावत्या आणि आरसीची झेरॉक्स काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका, आणि वायझर जागेवर राहतो का ते बघायला जवळच्या एखाद्या दांडग्या गतिरोधकावरून गाडी घ्या. माझ्या वायझरमधून पावत्यांचा जो गठ्ठा निघाला, त्यात चार वर्षांपूर्वीची लग्नपत्रिकाही होती.