क्यूपीएम मका कोंबड्यांना घालताय? या चुका टाळा

विट्याजवळच्या माझ्या शेडवर ट्रे भरणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, बारकी अंडी याय लागल्यात की ओ." मी आधी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी तीस अंड्यांचा ट्रे काट्यावर ठेवला, तर महिन्याभरापूर्वीपेक्षा सव्वाशे ग्रॅम कमी. आजार नव्हता, उन्हाळाही नव्हता. चूक माझ्या वहीतच सापडली.

त्या खरिपात मी 'पुसा विवेक क्यूपीएम ९ सुधारित' हा मका केला होता. क्यूपीएम म्हणजे क्वालिटी प्रोटीन मेझ, दर्जेदार प्रथिनाचा मका. २०१७ साली आलेलं हे संकरित वाण महाराष्ट्रासाठीही शिफारशीत आहे. साध्या मक्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे घटक, तोकडी असतात, यात ती जास्त आहेत. शिवाय शरीरात ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं ते बीटा कॅरोटीनही वाढवलेलं. माहितीत लायसिन २.६७ टक्के लिहिलेलं. सोया डीओसीत, म्हणजे तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पेंडीत, ते २.८ टक्क्यांच्या आसपास असतं. मग महागडी डीओसी कशाला, म्हणून मी शंभर किलो खाद्यातली आठ किलो डीओसी काढली आणि तेवढा मका घातला.

टक्के कशाचे, ते न बघणं

ते २.६७ टक्के अख्ख्या दाण्याचे नसतात, दाण्यातल्या प्रथिनाचे असतात. मक्यात प्रथिन ९ टक्के धरा. म्हणजे किलोभर मक्यात लायसिन आलं २.४ ग्रॅम. साध्या मक्यात दीड-पावणेदोन ग्रॅम. शंभर किलो खाद्यात साठ किलो मका असेल तर एकूण फायदा साधारण ५० ग्रॅम लायसिनचा. तेवढं तर दोन किलोपेक्षा कमी डीओसीत मिळतं, आणि मी आठ किलो काढून बसलो होतो! प्रथिनच तीन टक्क्यांनी खाली आलं.

त्यात डीओसी काही नुसतं लायसिन पुरवत नाही. मका-सोयाच्या खाद्यात कोंबडीला सगळ्यात आधी टंचाई पडते ती मेथिओनिन या आणखी एका अमिनो आम्लाची, आणि ती क्यूपीएम भरून काढत नाही. मेथिओनिन घटलं की अंड्याचं वजन उतरतं, कोंबड्या एकमेकींची पिसं ओढायला लागतात. म्हणून डीओसी कमी करायचीच तर किलो-दीड किलो, तीही प्रथिन आणि मेथिओनिनचा हिशेब पुन्हा मांडून. प्रयोगशाळेचा अहवाल घेताना लायसिनचा आकडा प्रथिनावर काढलाय की धान्यावर, हे आधी विचारून घ्या.

शेजारचा मका विसरणं

आपल्याकडे बांधापलीकडे कुणाचा ना कुणाचा मुरघासाचा मका असतोच. क्यूपीएमचा गुण 'ओपेक-२' या जनुकातून येतो आणि तो अप्रभावी आहे, म्हणजे नर-मादी दोन्हीकडून आला तरच गुण दिसतो. साध्या मक्याचे परागकण कणसावर पडले की तो दाणा त्याच हंगामात साधा होतो, पुढच्या पेऱ्याची वाट बघत नाही. दिसायला मात्र दोन्ही दाणे जवळपास सारखेच, त्यामुळे हातात घेऊन ओळखायला जाऊ नका. पेरणीत शेजाऱ्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. ते जमलं नाही तर कडेच्या ओळींची कणसं वेगळी काढा. मी ती म्हशीला घालतो.

बलक गडद होईल म्हणून थांबणं

गिऱ्हाईक बलकाचा रंग बघतं, म्हणून हा गैरसमज. बलक पिवळा करतात ल्युटीन आणि झियाझँथिन. या वाणात बीटा कॅरोटीन साठतं तेच मुळी त्याचं झियाझँथिन होण्याची वाट आखडलेली असते म्हणून. त्यामुळे बलक फिका राहिला तरी मका खोटा म्हणून भांडू नका. रंगच हवा असेल तर झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क किंवा लसूणघासाचा पाला बघा.

पौष्टिक आहे म्हणून साठवणीत ढिलाई

बुरशीला मका कुठल्या वाणाचा याच्याशी देणंघेणं नाही. १२-१३ टक्क्यांच्या वर ओल असलेला मका पोत्यात भरलात तर अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, तयार होण्याचा धोका असतो. खाद्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. पोत्यात हात कोपरापर्यंत घाला. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला तर ते पोतं बाजूला ठेवा. दुसरं, बीटा कॅरोटीन उजेड आणि हवेने उडतं आणि भरड्यात तर फारच लवकर. मका अख्खा ठेवा, आठवड्यापुरताच भरडा. आणि प्रिमिक्स, म्हणजे खाद्यात मिसळायची जीवनसत्त्वांची तयार पूड, बंद करू नका. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या मक्यात किती जीवनसत्त्व उरलंय, हे कोंबडी सांगेपर्यंत उशीर झालेला असतो.

सोयाबीनबाबतही असाच मोह होतो. 'एनआरसी १२७' सारख्या वाणात कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर हा प्रथिनाचं पचन अडवणारा घटक काढून टाकलेला आहे, पण पचन अडवणारे बाकीचे घटक त्यात राहतातच. तेव्हा ते कच्चं घालू नका, भाजूनच घाला.

आणि जाता जाता, क्यूपीएमला 'जीएम मका', म्हणजे जनुकीय बदल केलेला मका, म्हणू नका. भारतात शेतात लावायला परवानगी असलेलं जीएम पीक म्हणजे बीटी कापूस, २००२ पासून. पुसा विवेक हा जनुकीय खुणा बघत केलेल्या नेहमीच्या संकरातून आलाय. गिऱ्हाइकाने विचारलं तर एवढं सांगता यायला हवं.

मी डीओसी परत घातली आणि नवं खाद्य आठवडाभर जुन्यात मिसळत बदललं. तेव्हापासून दर सोमवारी एकाच पिंजऱ्याच्या रांगेतला एक ट्रे काट्यावर चढतो आणि आकडा मावशी स्वतः वहीत लिहितात.